नाना, तुम्ही खात होतात

नाना,

तुम्ही गेल्याला आज अठरा दिवस झाले. आलेली माणसं आपापल्या गावी परतली. यमूआत्या तेवढी अजून आहे, आणि तिचं पान कुटून द्यायला मी आहे. उद्या मीही खालापूरला जाईन. त्याआधी तुमच्या बैठकीवर बसून, तुमच्याच दौतीत टाक बुडवून हे लिहिते आहे. टाक खरखरतो. शेवटी शेवटी तुमच्या हातून तो बदलायचा राहिला असणार, नाहीतर असल्या टाकाने तुम्ही कुणाचा अर्ज लिहिला नसता.

अर्ज मात्र तुम्ही फार सुंदर लिहीत होतात. कर्जतच्या कचेरीच्या ओसरीवर तुमची सतरंजी पसरली की डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं तुमच्यापुढे येऊन उकिडवी बसायची. कुणाची मोळी जप्त झालेली, कुणाचा कोयता शिपायाने काढून घेतलेला. त्यांना नीट बोलताही यायचं नाही. तुम्ही निम्म्या शब्दांत ओळखायचात आणि असं लिहायचात की साहेबालाही वाचताना आपलंच काही चुकलं असं वाटावं. मला लिहायला तुम्हीच शिकवलंत. मुलीला कशाला, म्हणून आई कुरकुरायची, तरी पाटीवरून कागदावर तुम्हीच आणलंत. म्हणायचात, "मने, आधी काय झालं ते सांगावं, मग त्याने काय नुकसान झालं ते. रडगाणं मध्ये आणू नये." मी तसंच लिहायचा प्रयत्न करते. रडगाणं येईल मध्ये, त्याला इलाज नाही.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण तुम्ही ते एकदाही तोंडाने कबूल केलं नाहीत.

हुसेनचाचांची लाकडाची वखार होती, दहिवलीच्या बाहेर, कडावच्या रस्त्याला. माणूस मूळचा खाडीकडचा, जंगलाचे ठेके घ्यायला इकडे आला आणि इथलाच झाला. त्यांचे ठेक्याचे अर्ज तुम्ही लिहायचात, आणि त्यातून तुमची अशी गट्टी जमली की दोन दिवस गाठ पडली नाही तर तिसऱ्या दिवशी दोघांपैकी एकजण वाट वाकडी करून यायचाच. ते आपल्याकडे आले की ओटीच्या कडेला बसायचे. त्यांच्यासाठी कोनाड्यात एक वेगळी कपबशी असायची. त्यांनी चहा घेतला की आई लांबून पाणी ओतायची आणि ते स्वतः ती विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जगात असंच असतं, असं वाटायचं. त्यांच्या घरी मात्र आपल्यासाठी वेगळं काही नसायचं.

त्या वर्षांत ईद भर पावसात यायची. मी पाच वर्षांची असल्यापासून अकराची होईपर्यंत एकही ईद चुकली नाही. तुम्ही आईला सांगायचात, वखारीत कागद दाखवायचे आहेत, मनूला नेतो, तेवढंच तिचं फिरणं होईल. आई म्हणायची, त्यांच्या सणाच्या दिवशी कसले कागद? तुम्ही म्हणायचात, सण त्यांचा आहे, कचेरीचा नव्हे. मग मोठी छत्री घेऊन आपण निघायचो. भातलावणी चाललेली असायची, बांध निसरडे झालेले असायचे. मधल्या ओढ्यावर तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात आणि धोतर वर खोचून सावकाश पलीकडे न्यायचात. त्या खांद्यावर बसून मी तुमची पगडी सांभाळायचे. तेवढा विश्वास तुम्ही आणखी कुणावर टाकला नसता.

चाचांच्या घरी बाहेरच्या खोलीत तुम्ही बसायचा नाहीत, कारण तिथे येणारेजाणारे असायचे. मागच्या खोलीत चटई घातलेली असायची. तिथे गेलं की तुम्ही पगडी खुंटीला अडकवायचात आणि म्हणायचात, "आता मी घरात नाही." हुसेनचाचा हसायचे. मग हलीमाचाची, त्यांची बायको, नारळाच्या दुधातली पांढरीशुभ्र सांदणं आणायची आणि त्यामागून चिनी मातीच्या वाडग्यांतून शिरखुर्मा. आणि नाना, तुम्ही काय करायचात आठवतं का? उजव्या हातात पाणी घेऊन वाडग्याभोवती फिरवायचात आणि चटईच्या कडेला चित्राहुती घालायचात. इतक्या वर्षांच्या सवयीने, पानावर बसलं की हात आपोआप तिकडे जायचा. मुसलमानाच्या घरच्या शिरखुर्म्याभोवती तुम्ही मंत्र पुटपुटत पाणी फिरवायचात आणि हुसेनचाचा तोवर हात आवरून थांबायचे. तुम्ही पहिला घास घेतला की मगच ते घ्यायचे. एकदा मला हसू फुटलं तर तुम्ही डोळे वटारलेत आणि चाचांनी माझ्या हातात आणखी एक खारीक ठेवली.

चातुर्मासात तुम्ही कांदा खात नव्हतात. पण ईदेला दुसरा वाडगा मागून घ्यायचात. म्हणायचात, "वहिनी, खारीक आज अगदी लोण्यासारखी झाली आहे." चाची पदर पुढे ओढून म्हणायची, "आवडली न्हवं? मग झालं." मी तोवर तिच्या चुलीपाशी पोचलेली असायचे. तिने उन्हाळ्यात पाटावर वळलेल्या शेवया डब्यात भरून ठेवलेल्या असायच्या. त्या तुपात किती परतायच्या, दूध कुठवर आटवायचं, चारोळ्या कशा सोलायच्या, सगळं ती मला सांगायची. तिला मुलगे दोन होते, मुलगी नव्हती. मला सांगताना तिला बरं वाटत असणार. निघताना ती माझ्या हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या भरायची, आणि घरी तुम्ही आईला सांगायचात की बाजारातून घेतल्या.

परतताना ओढ्यापाशी थांबायचं. तुम्ही आधी स्वतःच्या कानामागचं अत्तर ओल्या पंचाने पुसायचात, मग माझ्या. दोघांनी चूळ भरायची. "मने, आईला सांगायचं नाही." मी कधी सांगितलं नाही. सहा वर्षं माझ्या पोटात ती गोष्ट राहिली, आणि राहिली ती भीतीने नाही. तुमचं आणि माझं मिळून एक गुपित आहे, याचा मला अभिमान होता. घरातल्या आणखी कुणाशी तुम्ही असे नव्हतात. लहानपणी मला सगळ्यांत सुखाचं काय वाटायचं, असं कुणी विचारलं तर मी अजूनही त्या चटईवरची तुमच्या शेजारची जागा सांगेन. म्हणून तर राग इतका आहे.

अकराव्या वर्षी, तुळशीचं लग्न झाल्यावर, पनवेलची माणसं मला पाहायला आली. स्थळ तुम्हीच आणलं होतंत आणि चांगलं आणलं होतंत. मुलगा मॅट्रिकच्या वर्गात होता. ओटीवर बसूनही त्याच्या मांडीवर एक पुस्तक होतं आणि मधूनच तो त्यात बोट घालून पान चाळत होता. मला तेवढ्यानेच तो आवडला. अकराव्या वर्षी आणखी काय कळणार? त्याची काकू मला आत घेऊन बसली. शिवण विचारलं, स्तोत्रं विचारली. दाराशी यमूआत्या, आत आई, बाहेर तुम्ही. मग तिने विचारलं, गोडाचं काय काय येतं?

मी म्हणाले, शेवयांची खीर येते.

कशी करतेस, म्हणाली. मला तर बोलायला हवंच होतं. मी सांगितलं की खारका आदल्या दिवशीच दुधात भिजत घालायच्या, त्याशिवाय मऊ होत नाहीत. शेवया तुपात बदामी होईपर्यंत परतायच्या, त्याहून जास्त नाही. दूध निम्मं आटलं की चारोळ्या टाकायच्या. काकू ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्यात खिरीत खारीक नाही घालत. कुणी शिकवलं तुला?"

मी सरळ सांगितलं, हलीमाचाचींनी.

तिने कोण हलीमा ते विचारलं नाही. आवाज अगदी गोड ठेवून म्हणाली, "आणि खाल्लीस?"

"दर ईदेला. नाना आणि मी."

नाना, मी गुपित फोडलं नव्हतं. आईला सांगायचं नाही, एवढंच तुम्ही बजावलं होतंत. पनवेलच्या काकूचं नाव तुम्ही घेतलं नव्हतंत. आणि मी काही वाईट सांगते आहे असं मला वाटतच नव्हतं. मला वाटलं, आपली मुलगी किती सुगरण आहे हे बाहेर बसून ऐकताना तुम्हाला बरं वाटत असेल.

मुलाच्या वडिलांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पान लावत होतात. पानावरची नजर न उचलता तुम्ही म्हणालात, "मुलीला थापा मारायची खोड आहे. मी त्या घरचं पाणीदेखील घेत नाही. परसातून पळून बायकांत जाऊन बसत असेल."

मी दाराशी आले होते. मला वाटलं, तुम्ही मान वर कराल आणि डोळ्यांनी तरी काही सांगाल, ओढ्यावर सांगायचात तसं. तुम्ही सुपारी कातरत राहिलात.

ती माणसं पोह्यांना हात न लावता उठली. दुसऱ्या दिवशी गावातली चार जाणती माणसं ओटीवर जमली, उपाध्ये आले, आणि हुसेनचाचांना बोलावणं गेलं. ते आले आणि अंगणातच उभे राहिले. त्यांना विचारलं, नाना तुमच्याकडे खातात का?

मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते. माझ्या जिवात जीव आला होता. हुसेनचाचा कधी खोटं बोलत नसत. लाकडात कीड असली तर गिऱ्हाइकाला आधी दाखवणारा माणूस. ते खरं सांगणार आणि मग मला कुणी थापाडी म्हणणार नाही, एवढंच मला कळत होतं. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली पाहत होतात. मग ते म्हणाले, "नानांनी आमच्या घरी कवा पाण्याचा थेंब बी घेतला नाय. पोर ल्हान हाय. आमच्या बायकांनी लाडानं दिलं असंल. चूक आमची हाय."

एवढं बोलून ते गेले. कोनाड्यातली ती कपबशी यमूआत्याने त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली.

मला पंचगव्य दिलं. आईने स्वतःच्या हाताने माझं तोंड उघडून पाजलं, कारण मी दात आवळून बसले होते. मी ओरडून सांगत होते की नाना पण खातात, मग त्यांना पण द्या. प्रत्येक वेळी मी ते म्हणाले की आई आणखी रडायची, आपली मुलगी बापावर आळ घेते म्हणून. तुम्ही त्या वेळी कचेरीत गेला होतात. एरवी सुट्टीच्या दिवशी कचेरीकडे फिरकत नव्हतात, पण त्या दिवशी गेला होतात.

मी आता एकतीस वर्षांची आहे. तुमच्या जागी बसून पाहायचा प्रयत्नही मी केला आहे. जातीने वाळीत टाकलं असतं तर उपाध्ये दाराशी आला नसता, आईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नसतं. पोराला प्रायश्चित्त थोडक्यात भागतं, माणसं विसरतात, असा तुमचा हिशेब असेल. तुमच्यासारख्या शहाण्या माणसाने हे कसं ओळखलं नाही की पोर मुलगी आहे आणि माणसं विसरणार नाहीत? पनवेलपासून कर्जतपर्यंत ती गोष्ट माझ्या आधी पोचायची. दोन वर्षं कुणी पाहायलाही आलं नाही. तेराव्या वर्षी खालापूरच्या बिजवराशी माझं लग्न लावलंत. ते माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठे. माणूस वाईट नाही, हे मी तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी लिहिते. पण सासूने वर्षभर मला देवघरात पाय टाकू दिला नाही, आणि पाणी भरलं तर ते झाडांना घालायची. तेही मी निभावलं. मला एकाच गोष्टीची आशा होती, की तुम्ही एकदा सांगाल.

मी चारचौघांत मागितलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा तुम्हाला एकटं गाठून म्हणाले, फक्त आईला सांगा. मी खोटं बोलले नव्हते, एवढंच. तुम्ही म्हणालात, "झालं गेलं, मने. आता उकरून काय मिळणार?" पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं तर तुम्ही उठून बाहेर गेलात. तिसऱ्या वर्षी मी विचारलं नाही, पण तुमच्याशी बोललेही नाही, आणि जाताना नमस्कार न करता गाडीत बसले. तुम्ही गाडीमागून वेशीपर्यंत चालत आलात. गाडीवाल्याला थांबवून शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा दिलात आणि "जपून जा" म्हणालात. मला वाटलं होतं की आता सांगाल.

आई आजारी पडली तेव्हा मी महिनाभर इथे होते. ती जाणार हे आपल्या दोघांनाही कळलं होतं. मी तुमचे पाय धरले. म्हणाले, तिच्या कानात सांगा, मला ऐकू आलं नाही तरी चालेल. तुम्ही म्हणालात, मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास? दुपारी मी तिला पेज भरवत होते तेव्हा तिने माझा हात धरला आणि अगदी मायेने म्हणाली, "मनू, सगळे गुण आहेत हो तुझ्यात. तेवढी एक खोड सोड." दोन दिवसांनी ती गेली. नाना, यासाठी मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. तुम्ही गेलात म्हणून करणारही नाही.

हुसेनचाचांवरही मी रुसले होते. तुमच्याहून जास्त म्हटलं तरी चालेल. तुम्हाला भीती होती, पण त्यांना कुणाची भीती होती? त्यांनी खरं सांगितलं असतं तर त्यांचं काय जाणार होतं? असं मी इतकी वर्षं मनात घोळवलं. माहेरी आले तरी कडावच्या रस्त्याला कधी गेले नाही. चाचीने दोनदा निरोप पाठवला, मी उत्तर दिलं नाही. पाच वर्षांपूर्वी चाचा गेल्याचं कळलं तेव्हा मी दळत होते. जातं थांबवलं नाही.

तुमच्या नवव्या दिवशी हलीमाचाची आली. परसातून आली, मोठ्या मुलाच्या हाताला धरून. गुडघे गेले आहेत तिचे. मला पाहिल्याबरोबर रडायला लागली आणि वीस वर्षांचा रुसवा माझ्याच्याने धरवेना. विहिरीजवळच्या दगडावर आम्ही बसलो. ती तुमच्याबद्दल बोलत होती. नाना असे, नाना तसे. मग सहज म्हणाली, या ईदेला त्यांना नीट खाता पण आलं नाही, दोन चमचे घेतले आणि वाडगा ठेवून दिला.

मी विचारलं, कुठल्या ईदेला?

"ह्याच की. आता झाली ती," चाची म्हणाली. "दर ईदंला यायचे गं. एक बी चुकवली नाय. हे गेल्यावर बी यायचे. मला वाटलं, तुला ठावं हाय."

नाना, मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की तुम्हीही सगळं सोडलंत. माझं सगळं गेलं, पण त्या अंगणातल्या खोटेपणाची तुम्हालाही काही किंमत पडली असेल, तुमचीही मैत्री गेली असेल, या एका विचारावर मी तुम्हाला अधूनमधून माफ करत आले होते. आणि तुम्ही दर वर्षी मागच्या खोलीत चटईवर बसून खात होतात. पगडी त्याच खुंटीला अडकवत होतात. माझ्या तोंडात शेण घालून, तुम्ही खारीक मऊ झाली आहे म्हणत होतात.

चाचीला वाटलं हे दुःख आहे. माझी पाठ थोपटत ती म्हणाली, "तुझं नाव काढायचे आन् रडायचे. माझ्या मनीचं मी वाटोळं केलं, म्हणायचे. दर वर्साला."

तिला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला सांगू? वीस वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते तुम्ही बोलत होतात तर. शब्दाला शब्द तेच. पण कुठे बोलत होतात, तर जिथे ऐकणाऱ्याला आपल्या ओटीवर येऊन ते सांगता येणार नाही अशा एकाच घरात. आईला नाही, मला नाही. हलीमाचाचीपुढे रडायचात, तिच्या हातचं खायचात आणि ओढ्यावर चूळ भरून घरी यायचात.

चाचांचंही तिने सांगितलं. त्या दिवशी अंगणातून घरी गेले ते जेवले नाहीत. म्हणाले, आज मी एका पोरीच्या तोंडावर खोटं बोललो. नंतर पुष्कळदा त्यांनी तुम्हाला म्हटलं, नाना, तुम्ही हो म्हणा, मी त्याच अंगणात उभा राहून माझा शब्द मागे घेतो. तुम्ही हो म्हणाला नाहीत. माझ्याकडे आलेले ते दोन निरोप चाचांचेच होते. त्यांना मला भेटून माफी मागायची होती. आणि मी जातंसुद्धा थांबवलं नव्हतं. हेही तुमच्याच नावावर लिहिते, पण निम्मं माझ्या.

आता तेराव्याचं सांगते. तिथे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

जेवणं झाली. पुरुषमंडळी ओटीवर पानसुपारीला बसली, बायका माजघराच्या दाराशी. तेच उपाध्ये होते, आता थकले आहेत. सगळे तुमची वाखाणणी करत होते, आणि ती ऐकताना मलाही भरून येत होतं. डोंगरातल्या वाडीवरचे पाचसहाजण कुंपणाबाहेर सकाळपासून बसले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते पाहून मी चार दिवसांपासूनचा राग गिळलाच होता. मग उपाध्ये म्हणाले, नानांसारखा आचाराचा माणूस पुन्हा होणे नाही, जन्मात कुणा परक्याच्या घरचं पाणी घेतलं नाही.

मला राहवलं नाही. शकू माझ्याजवळ बसली होती. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिला दोन स्थळं सांगून आली आहेत, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तरी मी उठून उभी राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "नाना दर ईदेला हुसेनचाचांच्या घरी शिरखुर्मा खात होते. मी शेजारी बसून खाल्ला आहे. गेल्या महिन्यातल्या ईदेलाही ते खाऊन आले."

मला वाटलं होतं की आता घर डोक्यावर घेतील. मला बाहेर काढतील, तुमचं तेरावं बाटलं म्हणतील. त्याची मी तयारी केली होती. त्यातलं काहीच झालं नाही. मग यमूआत्या हसली. रागावून नाही, अगदी मायेने, जशी आई म्हणाली होती तशी. "लहानपणापासूनची खोड आहे हो पोरीची," ती म्हणाली. "नाना बिचारा स्वतः सांगायचा." उपाध्ये म्हणाले, दुःखात माणूस काहीही बोलतं, मनावर घेऊ नये. कुणीतरी अडकित्ता मागितला. बोलणं पुढे पावसापाण्यावर गेलं.

हलीमाचाचीला आणून उभी करावी असं मनात आलं. पण तिच्याच नवऱ्याने याच अंगणात उभं राहून उलट सांगितलं होतं, तुमच्यासाठी. आता तिचं कोण ऐकणार? खरं काय ते सांगू शकेल असा, ज्याच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता असा, एकच माणूस होता.

मी खाली बसले. शकू माझ्याकडे पाहत होती. मग तिने आत्याकडे पाहिलं, ओटीवरच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. ती हुशार आहे. मी सांगितलेली कुठली गोष्ट खरी आणि कुठली नाही, हे ती एकेक करून आठवत होती. मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

त्याला पाच दिवस झाले, नाना. तिने मला अजून काही विचारलेलं नाही.

तुमची
मनू